रजेच्या काळातील पत्ता

१२ डिसेंबर

घडलं ते असं—

१. नाताळच्या रजेचा अर्ज देण्याची शेवटची तारीख १० होती.
२. मी कचेरीतून अर्ज घेतला. भरला नाही.
३. कोरा अर्ज इथे आणून पाठकोऱ्या कागदांच्या फाइलमध्ये तळाशी ठेवला. फाडायला हवा होता. चांगला कागद माझ्याने फाडवत नाही.
४. काल संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "माझी रजा नामंजूर झाली."
५. तो "बरं" म्हणाला. चहा संपवला. कप विसळून ठेवला.
६. आज सकाळी त्याने त्याच्या आईला फोन केला आणि सांगितलं की त्याला रजा मिळाली नाही. मला नव्हे— त्याला.

सहावा मुद्दा मी धरला नव्हता.

"असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझं नाव घेतलं असतं तर तिच्या मनात राहिलं असतं. लग्नाला तीन महिने झाले नाहीत आणि सूनबाईंना वेळ नाही! माझ्यावर काय, दोन दिवस रागावेल आणि विसरेल."

म्हणजे माझं खोटं आता त्याच्या डोक्यावर. त्याची रजा तर महिन्यापूर्वीच मंजूर झालीय.

१३ डिसेंबर

कारणही लिहून ठेवते. निदान इथे तरी.

लग्नानंतर सासरी नऊ दिवस राहिले. सगळे चांगले वागले, तक्रार नाही. पण नऊ दिवसांत मला एकदाही झारा सापडला नाही. शोधायला उठले की कुणीतरी म्हणायचं, "राहू दे गं, तू बस." बसले. पाहुणीही होते आणि सूनही होते. दोन्ही एका वेळी जमत नाही.

नाताळला तिथे एकवीस माणसं जेवायला असतात, आम्हाला धरून. मला पहिला नाताळ माझ्या घरात हवा होता. झारा कुठे आहे हे मला ठाऊक असलेल्या घरात. एवढंच.

इतकं सरळ वाक्य. तोंडातून निघालं नाही. कारण तो या जागेला घर म्हणतच नाही. 'खोली' म्हणतो. "खोलीवर येताना दूध आण." दोन खोल्या, स्वयंपाकघर, छोटी गच्ची, भाडेकराराच्या कागदावर दोघांची नावं— तरी खोली! 'घर' म्हणजे आईचं. "आपल्या घरी असं नसतं." त्या 'आपल्या'मध्ये मी आहे की नाही, कळत नाही.

ऑक्टोबरपासून मोजतेय. 'घर' हा शब्द त्याच्या तोंडून : ६४ वेळा. इथल्या जागेसाठी : शून्य.

हे मोजणं बरं नाही, कळतं. पण मोजणं हाच माझा धंदा. औषधांच्या शीतगृहातले तापमापक तपासते. कुठला किती चुकतो त्याचा तक्ता करते आणि खाली सही करते. माझं स्वतःचं कुणी तपासत नाही.

१५ डिसेंबर

गोदामप्रमुख बाईंनी ड्यूटीचा तक्ता लावला. २५ तारीख, आठ ते दोन— मी. त्या बदल्यात २४, २६, २७ सुट्टी.

"नवी नवरी आणि नाताळला ड्यूटी मागून घेतेस? भांडलात की काय?"

"नाही."

"मग भांडा. लवकर भांडलेलं बरं असतं, बाई. साचून राहिलं की वास येतो."

त्या शीतगृहाबद्दल बोलत नव्हत्या.

१६ डिसेंबर

माझा बेत असा होता : मी २५ला दोनपर्यंत कामावर. त्यानंतर आणि २४, २६, २७ दोघांची सुट्टी. इथे. दोघंच.

आज तो आला, बूट काढता काढता म्हणाला, "रजा परत केली."

"काय केलीस?"

"परत. आईला सांगितलं ना, रजा मिळाली नाही म्हणून? डोक्यात खटकत होतं. आता खोटं राहिलं नाही. चारही दिवस बोलावलं की जायचं."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. सणाला लिफ्ट हमखास अडकतात, माणसं जास्त चढतात. त्यांचे साहेब खूश झाले म्हणे, पाठ थोपटली.

"दोघांनाही रजा नाही," तो म्हणाला. "जोडी जमली!"

हसला. मी हसले नाही. चार दिवस मिळावेत म्हणून खोटं बोलले, आणि ज्याच्याबरोबर ते काढायचे तो माणूसच त्यातून वजा झाला. आणि हे बोलूही शकत नाही!

स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा पुसला. स्वच्छच होता.

१८ डिसेंबर

"अर्ज कधी दिला होतास?" त्याने सहज विचारलं.

"वेळेत."

"मग तर अन्यायच झाला," तो म्हणाला. "तुमच्या बाईंना येऊन भेटू का? सांगतो, नवीन लग्न आहे, जरा बघा."

"नको."

"बरं."

त्याचं हे 'बरं' कशाने मोजायचं, मला ठाऊक नाही.

२० डिसेंबर

सासूबाईंना केकची कृती विचारायला फोन केला. अपराधी वाटत होतं म्हणून केला, हे खरं कारण.

"आई, मैदा किती घ्यायचा?"

"आपल्या निळ्या पेल्याने दोन."

"पेला किती मिलिलिटरचा?"

"अगं, निळा!"

"हो, पण मापाने किती?"

"दोन म्हटलं ना. आणि लोणी पुरेल इतकं. आणि भाजायचा होईपर्यंत."

मी वहीत लिहिलं : लोणी— पुरेल इतकं. वेळ— होईपर्यंत. असा अहवाल मी कामावर दिला असता तर नोकरी गेली असती.

तासाभराने त्यांचाच फोन. "सव्वादोनशे! दुकानात जाऊन वाण्याच्या मापाने मोजून आले. तो म्हणतो, काकू, परीक्षा आहे का कुणाची? म्हटलं, आहे. माझी. सून घेतेय."

मी खरंच हसले. मग आठवलं की या बाईंना मी फसवतेय.

'आपल्या निळ्या पेल्याने' म्हणाल्या. माझ्याशी बोलताना. व्याकरणाने त्या 'आपल्या'त मी होते.

२२ डिसेंबर

ओव्हन तपासला. काटा १८० दाखवतो तेव्हा आत १६३. चार ठिकाणी मोजून तक्ता केला आणि दारावर चिकटवला.

तो वाचत उभा राहिला. "सही नाही केलीस, दशांश?"— मला तो दशांश म्हणतो. लग्न ठरवायला आले होते तेव्हा वजन विचारल्यावर मी त्रेपन्न पूर्णांक चार सांगितलं होतं. तेव्हापासून.

सही केली. तारीखही टाकली.

केक बसला. मध्ये वाटीएवढा खड्डा. सगळी मापं बरोबर होती. पण आतलं तापमान बघायला मी तीनदा दार उघडलं. मोजण्यानेच बिघडलं!

२३ डिसेंबर

खिडकीत लावायला चांदणी आणतो म्हणून गेला आणि जुन्या लिफ्टचा दिवा घेऊन आला. मोडीत काढलेल्या लिफ्टच्या दारावरचा— वर जाणारा बाण. लाल काच. बॅटरी जोडून खिडकीत टांगला.

"चांदण्या संपल्या होत्या," तो म्हणाला. "हाही वरच दाखवतो."

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "तुमच्याकडे लिफ्ट आली का हो?"

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढतो, यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत.

बाण चांगला दिसतो. खोलीभर तांबूस उजेड. बघा, मीही खोली लिहिलं!

२४ डिसेंबर

संध्याकाळच्या उपासनेला गेलो. पहिल्याच गीताला त्याचा फोन खिशात थरथरला. तो बाहेर गेला, मी दोघांचं पुस्तक धरून उभी राहिले. अर्ध्या तासात परतला. "लिफ्टच्या दारात चप्पल अडकली होती. तेवढंच."

७१. शून्य.

२५ डिसेंबर

सकाळी साडेसातला दोघंही जिना उतरलो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, "गावाला?" आम्ही एकदम म्हणालो, "कामाला."

शीतगृहात मी एकटीच. आठला ४.१. दहाला ४.३. बाराला ४.२. दोनला ४.२. सगळं मर्यादेत. बाहेर पहारेकरी काका रेडिओ लावून बसले होते. तसं बघितलं तर मला हवं ते मिळालं होतं— एकही नातेवाईक नाही, कुणी "तू बस" म्हणत नाही. आत चार अंश, आणि बसायला खुर्चीही नाही.

एकला त्याचा फोन. "खोलीवर पोचलीस का?"

"नाही. दोनला सुटेन."

"मलाही एक लिफ्ट आहे. अडीच होतील."

साडेतीनला आला. कोपरापर्यंत वंगण. हात धुता धुता सांगत होता— नवव्या मजल्यावर एक आजी, गुडघे गेलेले. तिची माणसं खाली दारापाशी, हातात पिशव्या, आणि लिफ्ट मधोमध अडकलेली. वर यायला निघाली तर आजी वरून ओरडते, "एवढे मजले चढू नका, माझ्यापायी कुणाचं हृदय बंद पडायला नको!" हा जिन्याने वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. प्रत्येक वेळी आजी दारात.

"मला म्हणते, सणाचा दिवस आणि तू हे काय करतोस? तुला घर नाही का रे?"

"मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आहे. रजा नाही."

टॉवेलला हात पुसत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

'आहे.' कुठलं? विचारलं नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं तेही ठरलं नाही.

जेवायला बसलो. खड्ड्यात जॅम भरला होता. त्याने केक निरखून पाहिला. "बरोबर मध्यभागी पडलाय. अचूक काम."

बाण पेटलेला होता. दुपारच्या उन्हात त्याचा उजेड कळत नव्हता. तो थकला होता, मीही. आणि तरी चांगलं वाटत होतं. इतकं चांगलं की राहवलं नाही.

"एक सांगायचंय," मी म्हणाले.

त्याने सुरी खाली ठेवली. लगेच. "सांग."

मी सुरीकडे बघितलं. मग ओव्हनवरच्या तक्त्याकडे.

"माझा तक्ता दोन अंशांनी चुकलाय."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," तो म्हणाला आणि सुरी उचलली.

२६ डिसेंबर

तो कामावर. सासूबाईंचा फोन आला— माझ्या फोनवर, मुद्दाम.

"तो जवळ नाही ना? बरं झालं. तुला एक विचारू? त्याचं माझ्यावर काही रुसणं आहे का?"

"नाही, आई. का?"

"अगं, तो लहानपणापासून खोटं बोलताना 'बघ आई' म्हणतो. दौत सांडली— बघ आई, मांजर होती. त्या दिवशी फोनवर तीनदा म्हणाला. बघ आई, रजाच नाही. बघ आई, साहेब ऐकत नाहीत. रजा होती, मला ठाऊक आहे. त्याला यायचं नव्हतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल ताटं मांडली तर एकवीस मांडली. माणसं एकोणीस. मग दोन उचलली. धाकटी म्हणाली, आई, मोजून मांडत जा. आता मला काय माहीत मोजायचं! तुझं काही नाही हं यात. तू गुणाची आहेस, केकसाठी आवर्जून फोन केलास. पण लग्न झालं की मुलगे बदलतात म्हणतात ना, मी सगळ्यांना सांगायचे— आमचा नाही बदलायचा."

"आई—"

"त्याला काही बोलू नकोस. उगाच वाद नको तुमच्यात."

फोन ठेवला.

ती रागावून दोन दिवसांत विसरेल, असं तो म्हणाला होता. चौदा दिवस झाले. त्याचा अंदाज चुकला. माझ्या चुकीचा भुर्दंड ते दोघं भरतायत, आणि गुणाची मी!

२७ डिसेंबर

काही नाही. जेवणात मीठ दोनदा पडलं. तो मुकाट्याने जेवला.

२८ डिसेंबर

दुपारच्या सुट्टीत शीतगृहामागच्या जिन्यावर बसून फोन लावला. आधी कागदावर वाक्य लिहून घेतलं होतं. वाचलं—

"आई, रजा त्याची मंजूर होती. माझी मी मागितलीच नाही. त्याला सांगितलं, नामंजूर झाली. तुम्ही माझ्यावर रागावू नये म्हणून त्याने स्वतःवर घेतलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"का गं? आमचं काही चुकलं का?"

याचं उत्तर लिहून आणलं नव्हतं.

"नाही. मला झारा सापडत नव्हता."

"काय सापडत नव्हता?"

"झारा. नऊ दिवस. कुणी सांगेना, आणि शोधूही देईना."

"झारा?" त्या म्हणाल्या. "अगं, तो मलाही सापडत नाही! तुझे सासरे धुवून कुठे टांगतात, त्यांचं त्यांना ठाऊक. तीस वर्षं शोधतेय मी." हसू आलं असावं, पण आवरलं. "आणि हे त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तू त्याला फसवलंस, त्याने मला फसवलं, आणि आता मी त्याच्यासमोर काही माहीत नाही असं करायचं. माणसं तीन आणि खोटीही तीन! माणशी एक!"

"चुकलं, आई."

"चुकलंच. आणि उलटंही केलंस. आधी त्याला सांगायचं. नवऱ्याच्या आधी सासूला कोण सांगतं? जा, त्याला सांग. मग मला पुन्हा फोन कर, मी पहिल्यांदाच ऐकतेय असं करीन."

"रागावलात?"

"रागावले की! दोन दिवस रागावणार आहे. मग बघू." आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "खोलीत एकटी असतेस तेव्हा जेवतेस ना नीट?"

खोली. हा शब्द त्याने कुठून उचलला ते कळलं.

२९ डिसेंबर

उद्या सांगते. तो दुपारी सुटतो.

आमच्या कामात नियम आहे— चूक कळवताना मूळ नोंद सोबत जोडायची. नुसतं तोंडी चालत नाही. कोरा अर्ज त्याच्यासमोर ठेवीन आणि म्हणेन, हा मी भरला नाही. मग कारण सांगेन. झाऱ्यापासून.

मग तो काय म्हणेल? 'बरं' म्हणू नये. बाकी काहीही चालेल.

३० डिसेंबर

फाइल काढली. अर्ज तळाशीच होता. कोरा नव्हता.

त्याचं अक्षर. तारांचे नकाशे काढायला तो याच फाइलमधून पाठकोरे कागद घेतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो कामाला वापरतो तीच पेन्सिल. जसंच्या तसं उतरवते—

अर्जदार : दशांश
अर्जाची तारीख : ११ डिसेंबर, संध्याकाळ
रजा : २४ ते २७
रजेच्या काळातील पत्ता : आपलं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही
रजेचे कारण :
शेरा : कारणाचा रकाना अर्जदाराने स्वतः भरावा. मी विचारणार नाही. कृपया ३१ तारखेपर्यंत कळवावे.